फासळीदार कमानछत

फासळीदार कमानछत : चार खांबांमधल्या खणावर दगडी कमानींचा सांगाडा उभारून, त्यातल्या पोकळ्या पातळ दगडी बांधकामाने भरून केलेले छत. कर्णावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानी म्हणजे त्याच्या फासळ्या. गॉथिक शैलीशी, म्हणजे मध्ययुगीन युरोपातील टोकदार कमानींच्या वास्तुशैलीशी, या छताचे नाव कायमचे जोडले गेले असले, तरी छेदणाऱ्या फासळ्यांची छते त्याआधी, दहाव्या शतकात, स्पेनमधील कोर्दोबाच्या मोठ्या मशिदीत बांधली गेली होती. तिथे मात्र फासळ्या मध्यबिंदू टाळून जातात.

युरोपातील चर्चवास्तूंमध्ये या तंत्राची पहिली भव्य कामगिरी पाहायची ती इंग्लंडमधील डरॅम कॅथीड्रलमध्ये. बांधकाम १०९३ मध्ये सुरू झाले आणि मुख्य सभागृहाचे छत ११३३ पर्यंत पुरे झाले. पूर्वेकडच्या भागावरचे सुरुवातीचे छत टिकले नाही; तेराव्या शतकात ते नव्याने बांधावे लागले. सभागृहाचे छत मात्र आजही जागेवर आहे. त्याच्या फासळ्यांवर नागमोडी नक्षी कोरलेली आहे.

या छतामागची खरी अडचण भूमितीची होती. १० मीटर बाजूचा चौरस खण घेतला, तर कर्ण सुमारे १४.१ मीटर भरतो. दोन्हींवर अर्धवर्तुळाकार कमानी टाकल्या, तर बाजूची कमान ५ मीटर उंच होते आणि कर्णावरची ७ मीटरच्या वर जाते. माथे जुळत नाहीत. टोकदार कमानीची उंची रुंदीला बांधलेली नसते, म्हणून तिने हे माथे जुळवता येतात. डरॅमच्या गवंड्यांनी कर्णावर अर्धवर्तुळच ठेवले आणि सभागृहाच्या रुंदीवरून जाणाऱ्या आडव्या कमानी टोकदार केल्या. पुढच्या गॉथिक वास्तूंची दिशा या निर्णयात स्पष्ट दिसते.

बांधताना आधी फासळ्यांपुरते लाकडी सेंटरिंग (तात्पुरता आधार) उभारत. चुना धरल्यावर मधले भाग हळूहळू भरून घेत आणि सेंटरिंग उतरवून पुढच्या खणाला वापरत. लाकूड वाचे, शिवाय वाकड्या पृष्ठभागाला आखीव कडा मिळे.

छत खांबांना बाहेर ढकलते, तो रेटा कुठेतरी पेलावा लागतो. डरॅममध्ये त्यासाठीच्या पाव-वर्तुळाकार कमानी सज्जाच्या छपराखाली दडलेल्या आहेत. फ्रान्समध्ये पुढे असे टेकू उघड्यावर, भिंतीबाहेर आले. तिथल्याच बोव्हे कॅथीड्रलमध्ये सुमारे ४८ मीटर उंचीवर नेलेले छत १२८४ मध्ये कोसळले. पुनर्बांधणीत मधे जादा खांब घालावे लागले.

फासळ्या भार पेलतात का, हा वाद मोठा आहे आणि तो समजून घेण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूक यांनी फासळ्यांना छताचा कार्यकारी सांगाडा मानले. १९३४ मध्ये फ्रेंच वास्तुविशारद पोल अब्राहम यांनी त्याला आव्हान दिले. दोन्ही महायुद्धांत तोफा-बॉम्बच्या माऱ्याने काही ठिकाणी फासळ्या गळून पडल्या, तरी वरचे छत तगून राहिले. म्हणजे फासळी सर्वत्र अपरिहार्य नसते. पण बांधकाम चालू असताना तिच्यावाचून गवंड्याचे अडले असते, हे तितकेच खरे.

शेवटच्या टप्प्यात इंग्लंडमध्ये फासळ्यांची संख्या वाढत जाऊन पंख्यासारखी छते झाली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपेलचे छत जॉन वॉस्टेल यांनी १५१२ ते १५१५ दरम्यान बांधले. अशा छतांत फासळी आणि तिच्यालगतचा भाग बहुधा एकाच दगडातून कोरलेला असतो.