खाडीवर जायचं तर आधी तिथी बघा

रत्नागिरीजवळ भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते, तिथल्या खाडीवर सातवीची पोरं घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा खेकड्यांची बिळं मोजायला पीव्हीसी पाइपची एक मीटरची चौकट, थर्मामीटर, बाटल्या सगळं बरोबर होतं, आणि पोचलो तर खाडी काठोकाठ भरलेली, चौकट टाकायची तो चिखलच गायब. एकीचे आजोबा मासे मारायला जातात, ते हसले. म्हणाले, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येतो, भरतीपण तेवढीच सरकते, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर हा पाऊण तासाचा हिशोब जवळपास बसतो.

दुसऱ्या खेपेला ऑक्टोबरात गेलो, वेळ बघून. होडीतून एक बाटली वरच्या पाण्यात भरली, दुसरी दगड बांधून खाली सोडली आणि तळाशी गेल्यावर दोरीने बूच ओढलं. जागा तीच, तरी खालचं पाणी कितीतरी खारट! समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं म्हणून ते जड, ते तळातून पाचरीसारखं आत शिरतं आणि नदीचं गोडं पाणी त्याच्यावरून वाहतं. उन्हाळ्यात नदी आटली की हा फरक कमी होतो. म्हणजे 'खाडीचं पाणी किती खारट' हा प्रश्नच अर्धवट आहे, कधी आणि किती खोलवर ते आधी सांगा.

चिखल इथेच का साठतो? गढूळ पाण्यातले मातीचे कण एकमेकांना ढकलत असतात, मीठ मिसळलं की ते ढकलणं कमी होतं, कण चिकटून गोळे होतात आणि खाली बसतात, घरी तुरटी फिरवतो ना तसंच. त्या चिखलात हवा जवळजवळ नसते म्हणून तिवराची, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीतल्या झाडाची, मुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर येतात. तिवराचं पान चाटून बघितलं पोरांनी, खारट लागतं, जास्तीचं मीठ ते पानातून बाहेर टाकतं.

चौकटीतली खेकड्यांची बिळं मात्र आम्ही उगाच मोजली, कारण एक बीळ म्हणजे एक खेकडा असं नसतं, कित्येक रिकामी असतात. पुढच्या वेळी लांब बसून, बाहेर आलेले खेकडेच मोजायचे, दहा मिनिटं अजिबात न हलता. सातवीची पोरं, दहा मिनिटं, गप्प. बघू.