लेथवर टूल नेमकं धरतंय कोण?

लेथ, म्हणजे तुकडा फिरवत ठेवून त्याला टूलने कापून आकार देणारं मशीन, म्हटलं की आजकाल लगेच सीएनसी (कॉम्प्युटरने चालवणं), स्क्रीन, प्रोग्रॅम सुरू होतं, पण माझ्या मते खरी उडी त्याच्या दीडशे वर्षं आधीच मारून झाली होती. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरवणं माणसाला फार पूर्वीपासून जमत होतं. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात, म्हणजे इ.स.पू. ३०० च्या आसपास, एक चित्र कोरलंय, त्यात एक जण पट्टा ओढून जॉब फिरवतोय आणि दुसरा टूल धरून बसलाय. पट्टा एकदा इकडे एकदा तिकडे, म्हणजे कापणी निम्माच वेळ. पुढे पायाने दाबायचं पेडल आणि वर लवचिक काठी असलेला लेथ आला, दुसरा माणूस सुटला, पण जॉब तसाच पुढे-मागे फिरत राहिला. लिओनार्दो दा विंचीच्या कागदांत क्रँक आणि फ्लायव्हीलवाला लेथ दिसतो, तो मात्र एकाच दिशेने फिरणारा.

एवढं सगळं झालं तरी टूल हातातच होतं! लाकडाला ते चालून जातं, लोखंडावर हात थरथरला की संपलं, आणि हातभर लांब शाफ्टला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा व्यास आणायचा तर विचारूच नका.

अठराव्या शतकात हे टूल हातातून काढून घ्यायचे बरेच प्रयत्न झाले. फ्रान्समध्ये वोकांसाँने सरळ गाइडवर सरकणाऱ्या कॅरेजचा (टूल धरणाऱ्या गाड्याचा) पूर्ण धातूचा लेथ बनवला, इंग्लंडमध्ये रॅम्सडेनने स्क्रूचे आटे पाडायचं मशीन केलं, त्यामुळे सगळं श्रेय हेन्री मॉड्स्लीला देतात ते मला जरा जास्तच वाटतं. पण १८०० च्या सुमाराला त्याने जे केलं ते जबरदस्तच आहे. वुलिचच्या शस्त्रागारात पोरवयात कामाला लागलेला हा माणूस, नंतर ब्रामाच्या कुलुपांच्या कारखान्यात, तिथे पगार वाढवून देईनात म्हणून १७९७ मध्ये स्वतःचं वर्कशॉप टाकलं. त्याने स्लाइड रेस्ट (टूल घट्ट धरून सरकवणारा भाग), लीड स्क्रू (टूल पुढे नेणारा लांब स्क्रू) आणि बदलता येणारे गिअर असं तिन्ही एका मजबूत मशीनवर आणलं. स्पिंडल, म्हणजे जॉब फिरवणारा दांडा, एक फेरा फिरला की टूल ठरलेलं अंतर सरकणार, ऑपरेटरचा हात कसाही असो.

यात गोची अशी की चांगले आटे पाडायला आधी चांगला लीड स्क्रू लागतो, आणि तो कुठून आणायचा? तर त्याने फिरत्या गोल दांड्यावर तिरकी सुरी टेकवून पहिले आटे पाडले, त्यातला चांगला निवडला, तो वापरून पुढचा सुधारला. त्याच्याकडे तयार झालेल्या व्हिटवर्थने १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्यांचं स्टँडर्ड सुचवलं, तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचे नट-बोल्ट वेगळे.

गिअर बदलण्यातली एक गंमत बघा. लीड स्क्रू इंचातला आणि आटे मिलिमीटरचे पाडायचे असतील तर १२७ दातांचा गिअर लावतात. इंच म्हणजे २५.४ मिमी, त्याची पाचपट १२७, आणि ही मूळ संख्या असल्यामुळे अचूक पिच (दोन आट्यांमधलं अंतर) हवा तर तिला लहान गिअरने टाळता येत नाही. असे आटे पाडताना हाफ नट (टूलला लीड स्क्रूशी जोडणारा, उघडता येणारा नट) उघडायचा नाही, टूल मागे घेऊन स्पिंडल उलटा फिरवूनच परत यायचं, नाहीतर पुढचा कट दुसऱ्याच जागी पडतो आणि जॉब भंगारात.

नंतरची मोठी सुधारणा टूलच्या मटेरियलची. १९०० च्या आसपास टेलर आणि व्हाइट यांचं हाय स्पीड स्टील (एचएसएस) आलं, १९२० च्या दशकात जर्मन क्रुप कंपनीचं आणखी कठीण कार्बाइड. माइल्ड स्टीलवर एचएसएसने मिनिटाला साधारण ३० मीटर कापता येतं, कार्बाइडने १५० च्या वरही सहज, म्हणून मग मशीनही तेवढं जड आणि ताकदीचं करावं लागलं.

आणि आता सीएनसी. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने संख्यांवर चालणारं मशीन दाखवलं ते मिलिंगचं, पण लेथमध्येही ते फार छान बसलं. स्पिंडल किती फिरला ते मोजायला एन्कोडर, स्लाइड नेमकी सरकवायला सर्वो मोटर आणि बॉल स्क्रू, झालं, मॉड्स्लीची गिअरची साखळी गेली आणि तेच काम कंट्रोलर करायला लागला. टेपर (निमुळता आकार) आणि गोलाई हाताने सेट करायची कटकट संपली. फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं टोक सपाट करताना, टूल मध्याकडे सरकतं तसा फिरण्याचा स्पीड आपोआप वाढतो, कापण्याचा वेग सारखा राहतो, फक्त कमाल आरपीएमची (मिनिटाच्या फेऱ्यांची) मर्यादा प्रोग्रॅममध्ये घालावी लागते नाहीतर स्पिंडल सुसाट सुटतो. लाइव्ह टूलिंग (स्वतः फिरणारी टूल्स), वाय अ‍ॅक्सिस (टूल सरकायची आणखी एक दिशा) आणि सब-स्पिंडल (जॉब दुसऱ्या टोकाने धरणारा स्पिंडल) असेल तर ड्रिलिंग, मिलिंग, मागची बाजू सगळं एकाच मशीनवर उरकतं.

पण चकातून (जॉब धरणाऱ्या पकडीतून) जॉब व्यासाच्या चार-पाच पट बाहेर काढून कट घेतलात तर लाखोंचं मशीन असलं तरी तो वाकणारच, तिथे टेलस्टॉकचा (दुसऱ्या टोकाला टेकणाऱ्या भागाचा) आधार लागतोच, फारच लांब असेल तर मध्ये आधार देणारी स्टेडीसुद्धा.