बटाट्याचा कोंब आणि द्राक्षाची छाटणी

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायला, थांबलेली माणसं पाहून मित्र म्हणाला, "तुमचं काउन्सेलिंग म्हणजे हेच की! फक्त तुमच्याकडे फी पडते."

नातं आहे खरं. माणसाच्या आतल्या वाढीवर भरवसा ठेवणाऱ्या मानवतावादी मानसोपचाराचा एक जनक कार्ल रॉजर्स कर्मठ प्रोटेस्टंट घरातला. १९२४ साली तो न्यूयॉर्कच्या धर्मविद्यालयात दाखल झाला आणि दोन वर्षांनी रस्ता ओलांडून कोलंबियात मानसशास्त्राकडे वळला.

त्याचा मला आवडणारा मुद्दा 'लायकीच्या अटीं'चा. "शहाणी मुलं चिडत नाहीत," असं आई म्हणते. प्रेम टिकावं म्हणून मूल ती अट गिळतं. पुढे चाळिशीतही राग येतो, पण राग म्हणून ओळखूच येत नाही. "मी कधी चिडतच नाही," असं माणूस अगदी प्रामाणिकपणे सांगतो, आणि ऑफिसातून डोकं धरून घरी येतो. अनुभव एक, स्वतःचं चित्र दुसरं. ही विसंगती जाणिवेच्या उंबऱ्याशी आली की चिंता वाटते. समोरचा अट न घालता, समजून घेत, स्वतः मुखवटा न लावता ऐकत राहिला, तर अनुभव लपवायची गरज उरत नाही आणि चित्र सैल होतं. एवढं पुरेसं आहे, असा रॉजर्सचा १९५७ सालचा दावा. आस्थेनं ऐकण्याचा उपयोग पुढच्या संशोधनात दिसला. 'पुरेसं' मात्र सिद्ध झालं नाही. (रीलवरचं 'स्वतःवर प्रेम करा' म्हणजे हे नव्हे. अंगाऱ्याची पुडी नव्या वेष्टनात, इतकंच.)

रॉजर्सला लहानपणीचे तळघरातले बटाटे आठवत. दूरच्या खिडकीच्या उजेडाकडे त्यांचे फिकट कोंब दोन-तीन फूट वाढायचे. आपल्या कांदाचाळीत साठवलेल्या कांद्यालाही कोंब फुटतोच. वाढीची दिशा आतच असते, असं त्याचं म्हणणं.

ख्रिस्ती सद्गुणविचार, म्हणजे चांगले गुण अंगी कसे येतात याचा विचार, मला उलट द्राक्षबागेसारखा वाटतो. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. वेल मोकळा सोडला तर नुसता पाला. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातही फळ देणारा फाटा छाटला जातो. तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याच्या मते शहाणपण, न्याय, धैर्य, संयम सरावानं अंगी मुरतात. पण विश्वास, आशा, प्रीती सरावानं येत नाहीत, देवाकडून मिळतात. कमवावी न लागणारी प्रीती! इथं तो रॉजर्सच्या फार जवळ येतो.

मित्राला म्हटलं, "कन्फेशनमध्ये पाप कबूल करावं लागतं. रॉजर्सच्या खोलीत ते पाप की नाही, हे ठरवणारं कुणी नसतं."

"मग फी कशाची?"