पेज, मीठ आणि आतड्यातले पाणी

जुलाब-ओकाऱ्या लागल्या की गोव्यात घरातली मोठी माणसे अजूनही आधी पेजच ठेवतात. उकड्या तांदळाची, पातळ, मीठ घातलेली. ही रीत किती जुनी आहे, याचा लेखी पुरावा गोव्यातच छापला गेला आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६३ मध्ये औषधी द्रव्यांवरचे त्याचे संवादरूप पुस्तक इथेच छापून निघाले. पणजीत चर्चसमोरच्या बागेला नाव आहे ते त्याचेच.

त्या पुस्तकात मोडशीचे, म्हणजे पटकीचे, वर्णन आहे. नाडी क्षीण, अंग वरून थंड आणि आत आग, तहान भागत नाही, डोळे खोल गेलेले, पायांत गोळे येतात. रोगी बहुधा २४ तासांत दगावतो, काही जण १० तासही काढत नाहीत, असे ओर्ता लिहितो. इथले वैद्य काय करतात तेही त्याने टिपले आहे: मिरी आणि जिरे घातलेले तांदळाचे पाणी पाजतात, पायांना डाग देतात, गोळे येतात म्हणून हातपाय पट्ट्यांनी आवळून बांधतात. डाग आणि पट्ट्या कालांतराने सुटल्या, तांदळाचे पाणी टिकले. ते का उपयोगी पडते, हे कळायला मात्र पुढची चारशे वर्षे जावी लागली.

ओर्ताचे पुस्तक निघण्यापूर्वी वीस वर्षे, १५४३ मध्ये, गोव्यात या रोगाची मोठी साथ आली होती. गास्पार कोर्रैया या बखरकाराने तिची हकीकत लिहून ठेवली आहे. गव्हर्नर मार्तिम अफोन्सो द सौझा याने एक प्रेत फाडून पाहायला लावले. आत काहीच सापडले नाही, फक्त जठर कोंबडीच्या पेट्याएवढे आकसून सुरकुतलेले होते. वैद्यांची नजर जठरावर गेली, पण हा रोग जठराचा नाही. तो लहान आतड्याचा आहे, आणि तिथेही डोळ्यांना फारसे दिसत नाही, कारण पटकीचे जंतू आतड्याचे अस्तर खात नाहीत. अस्तर सोलून निघते हा समज एकोणिसाव्या शतकातही पक्का होता. १९६० च्या सुमारास थायलंडमधल्या रुग्णांच्या आतड्याचे बारीक तुकडे जिवंतपणी काढून तपासले, तेव्हा अस्तर शाबूत असल्याची खात्री पटली.

मग बिघडते काय, ते समजण्यासाठी आधी निरोगी आतड्यातल्या पाण्याचा हिशेब पाहावा लागतो. दिवसभरात आपल्या खाण्यापिण्यातून साधारण २ लिटर पाणी पोटात जाते. शरीर त्यात स्वतःचे रस ओतते: लाळ दीड लिटरच्या आसपास, जठररस सुमारे दोन लिटर, पित्त अर्धा ते एक लिटर, स्वादुपिंडाचा रस दीड लिटर, शिवाय लहान आतड्याचा स्वतःचा रस. सगळे मिळून आठ-नऊ लिटर. यातले बहुतेक पाणी सहा-सात मीटर लांबीचे लहान आतडे परत शोषते, लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्यात उतरते आणि शौचावाटे जाते ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. म्हणजे शोषण थोडे जरी मागे पडले, तरी जुलाब ठरलेलेच. जोराच्या पटकीत मोठ्या माणसाचे तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. ६० किलो वजनाच्या माणसाने ६ लिटर गमावले की रक्तदाब कोसळतो. ओर्ताच्या १० तासांचा उलगडा इथे होतो.

आतड्याला पाणी थेट ओढून घेता येत नाही. आतड्याच्या पेशी मिठातले सोडियम आत घेतात आणि पाणी त्याच्या मागून जाते. सोडियम आत येण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. त्यातल्या एका वाटेवर ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन (विद्युतभार असलेले अणू) एकत्रच आत जातात, एकाशिवाय दुसरे नाही. पटकीचे विष पेशीतून क्लोराइड बाहेर सोडत राहते, त्यामागे पाणी आतड्यात ओतले जाते, आणि सोडियमची साधी वाटही तेच विष बंद करते. ग्लुकोजबरोबरची वाट मात्र तशीच चालू राहते. पेज आणि ओआरएसच्या, म्हणजे पाण्यात कालवून तोंडाने घ्यायच्या मीठ-ग्लुकोजच्या, पुड्या या एकाच वाटेवर काम करतात.

हे तुकड्यातुकड्यांनी कळत गेले. १८३२ मध्ये स्कॉटलंडमध्ये थॉमस लॅटा याने रुग्णाच्या शिरेत खारे पाणी सोडून माणसे वाचवून दाखवली, पण ती पद्धत मागे पडली. कलकत्त्यात हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने देऊन सौम्य पटकीचे रुग्ण बरे झाल्याचे प्रसिद्ध केले. तिथेच शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये रोगाचे मूळ जंतूंनी सोडलेल्या विषात आहे हे सिद्ध केले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट क्रेन यांनी ग्लुकोज-सोडियमच्या जोडीची कल्पना मांडली. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी जोराच्या पटकीतही तोंडाने दिलेले द्रावण चालते हे दाखवले. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायची सलाईन संपल्यावर दिलीप महालनबीस यांनी पिंपात द्रावण कालवून नातेवाइकांच्या हाती दिले. छावणीतले मृत्यू ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. डॉक्टर-नर्सशिवाय, घरच्या माणसांच्या हातून हे घडले, आणि या सगळ्या इतिहासात आम्हाला तेच सर्वांत मोलाचे वाटते.

आजची ओआरएसची पुडी २००२ पासूनच्या प्रमाणाची आहे. १ लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. चुका होतात त्या कालवताना. लिटरची पुडी पेल्यात अर्धी-अर्धी टाकली की मीठ कमी-जास्त होते. जास्त झाले तर लहान मुलाच्या रक्तातले सोडियम चढून झटके येऊ शकतात. चवीसाठी वरून साखर घातली, तर जादा साखर उलट पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. सॉफ्ट ड्रिंक आणि खोक्यातले फळांचे रस याच कारणाने नकोत. पाणी आधी उकळून गार करावे, कालवलेले द्रावण पुन्हा उकळू नये आणि २४ तासांनी उरलेले ओतून द्यावे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात साखर सपाट ६ चहाचे चमचे आणि मीठ सपाट अर्धा चमचा.

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी, म्हणून पटकीसारख्या जुलाबात एकट्या शहाळ्यावर भागत नाही. सोलकढी जेवणावर चांगली. तिची आंबट-तिखट चव रिकाम्या, ढवळलेल्या पोटाला सोसत नाही.

पेजेचे बलस्थान तिच्या पिठात आहे. तांदळातले पीठ आतड्यात सावकाश सुटून ग्लुकोज होते, त्यामुळे साखर एकदम साचून पाणी खेचत नाही. लिटरला ५० ते ८० ग्रॅम तांदळाच्या पिठापासून केलेल्या ओआरएसने पटकीच्या रुग्णांचे जुलाब साध्या ओआरएसपेक्षा कमी होतात, हे चाचण्यांतून दिसले आहे. घरची पेज मात्र बहुतेक वेळा अळणी किंवा अंदाजाने खारवलेली असते. लिटरभर पातळ पेजेला सपाट अर्धा चमचा मीठ मोजून घालावे, खड्याचा अंदाज नको.

रोटाव्हायरससारख्या विषाणूची गोष्ट थोडी निराळी. तो रसांकुरांची, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या बारीक बोटांसारख्या उंचवट्यांची, टोके झडवतो आणि दूध पचवणारे विकर नेमके तिथेच असते, म्हणून काही मुलांना जुलाबानंतर काही दिवस वरचे दूध सोसत नाही. अंगावरचे दूध मात्र थांबवू नये. मुलांना जस्ताच्या गोळ्या १० ते १४ दिवस द्याव्यात: सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, त्यावर २०.

तोंडाने घेणे पुरत नाही अशी वेळ ओळखता यायला हवी. पोटाच्या कातडीची चिमटी सोडल्यावर ती दोन सेकंदांनीही खाली बसत नाही, डोळे खोल गेले आहेत, रोगी गुंगीत आहे किंवा त्याला पिता येत नाही, तर लगेच रुग्णालय गाठावे. तिथे किलोमागे १०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट (एक प्रकारची सलाईन) शिरेतून देतात. मोठ्या माणसाला त्यातले ३० पहिल्या अर्ध्या तासात आणि ७० पुढच्या अडीच तासांत. नेताना रोगी शुद्धीवर असेल आणि गिळत असेल, तर वाटेतही घोट-घोट ओआरएस देत राहावे. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश.