चलान गाडीवर, लायसन्स माणसावर

थकलेल्या ई-चलानांवर सवलत द्यावी की थकवणाऱ्याचे लायसन्सच अडवावे? लोक अदालतीची तारीख जवळ आली की हा वाद हमखास उकरून निघतो. प्रलंबित चलानांचा मेसेज मोबाइलवर येतो आणि मग घरोघरी दोन पक्ष पडतात. ज्याने त्याच आठवड्यात पैसे भरले तो म्हणतो, ‘म्हणजे मी मूर्ख?’ ज्याची दहा-पंधरा चलाने साठली आहेत तो म्हणतो, ‘निम्म्या वेळा गाडी माझ्याकडे नव्हतीच.’ तिसरा कुणीतरी सुचवतो की सवलत कसली देता, लायसन्सच निलंबित करा, दुसऱ्या दिवशी पैसे येतील. तिघेही ‘दंड’ हा शब्द सरसकट वापरतात. सगळा गुंता त्याच शब्दात आहे.

मोटार वाहनांचा देशव्यापी कायदा पहिल्यांदा १९१४ मध्ये आला, दुसरा १९३९ मध्ये. आज लागू असलेला १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. आधीच्या दोन कायद्यांचा इथे फारसा संबंध नाही. १९८८ च्या कायद्यातल्या रकमा मात्र लक्षात ठेवाव्यात. किरकोळ नियमभंगाला पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ३०० पर्यंत. वेगमर्यादा ओलांडली तर ४००. तीस वर्षे या आकड्यांना कुणी हात लावला नाही. त्या काळी चौकातला मामा पावती फाडायचा, पैसे नसतील तर लायसन्स ठेवून घ्यायचा, आणि पुढे ते सोडवायला खेटे घालावे लागायचे. चिरीमिरीची सोय त्यातच होती, हे सांगायला नको. पण एक गोष्ट त्या पद्धतीत पक्की होती : पकडला गेलेला माणूस समोर उभा असायचा. थकबाकी हा प्रकार जवळपास नव्हताच.

आता त्या शब्दाकडे. चौकात फाडलेली पावती किंवा मोबाइलवर आलेले चलान हा कायद्याच्या भाषेत दंड नव्हे. दंड ठोठावण्याचा अधिकार न्यायालयाचा. पोलिसाला कलम २०० ने दिलेला अधिकार वेगळा आहे. ठरावीक गुन्हे खटला न भरता आपसात मिटवता येतात, आणि त्यासाठी किती रक्कम घ्यायची ते राज्य सरकारने अधिसूचनेने ठरवायचे. आरटीओत याला ‘तडजोड शुल्क’ म्हणतात. म्हणजे चलान हा एक देकार आहे : एवढे भरा, प्रकरण मिटले, नाही भरले तर न्यायालयात भेटू. देकार नाकारण्याचा हक्क वाहनचालकाला आहे. न्यायालयात जाऊन ‘मी सिग्नल तोडला नाही’ असे तो म्हणू शकतो, आणि मग ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर येते.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही गैरसोयीच्या आहेत. पहिली अशी की जो दंड अजून कुणी ठोठावलेलाच नाही, तो ‘माफ’ कसा करणार? माफी असते ती सिद्ध झालेल्या देण्याची. इथे सरकार आपल्याच देकाराचा आकडा खाली आणते, इतकेच. दुसरी गोष्ट याहून अडचणीची. देकार स्वीकारला नाही तर पुढचे पाऊल सरकारने उचलायचे असते आणि त्याला मुदत असते. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६८ हेच सांगत होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही (कलम ५१४) तेच आहे. विलंब माफ करण्याची वाट न्यायालयाला आहे, पण ती सरसकट लाखो प्रकरणांसाठी वापरता येईल अशी नाही. चार वर्षांपूर्वीचे, न्यायालयात कधीच न गेलेले चलान ‘थकीत दंड’ म्हणून मागायला आले की वकीलमंडळी याच कलमावर बोट ठेवतात. त्यांचे म्हणणे खोडणे सोपे नाही. सवलतीच्या वादात ही बाजू क्वचितच ऐकू येते, कारण सरकारला ती सांगायची नसते आणि वेळेवर पैसे भरणाऱ्याला ऐकायची नसते.

मग एवढी थकबाकी साठली कशी? कॅमेऱ्यामुळे. मुंबईत २०१६ च्या अखेरीस सीसीटीव्हीवरून ई-चलान सुरू झाले, आणि २०१९ मध्ये ‘एक राज्य, एक ई-चलान’ म्हणून ते राज्यभर गेले. हातातल्या यंत्राने किंवा खांबावरच्या कॅमेऱ्याने फोटो निघतो, नंबर वाचला जातो, मालकाच्या नोंदवलेल्या मोबाइलवर मेसेज जातो. रोखीचा व्यवहार कमी झाला, हुज्जत कमी झाली, चिरीमिरीलाही आळा बसला. पण समोर उभा असलेला माणूस गेला. मोबाइल नंबर जुना, गाडी विकलेली पण नावावर न केलेली, पत्ता बदललेला. चलान तयार होणे आणि चलान पोचणे यांत अंतर पडले. कॅमेऱ्याने टिपलेल्या नियमभंगाची सूचना १५ दिवसांच्या आत पाठवावी, असा केंद्राचा नियम आला तो २०२१ च्या ऑगस्टमध्ये. तोवर पाच वर्षांचा ढीग साठला होता.

त्या ढिगावर मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती येऊन पडली. १ सप्टेंबर २०१९ पासून रकमा एकदम वाढल्या. हेल्मेट नसेल तर १००० रुपये, लायसन्सशिवाय गाडी चालवली तर ५०० च्या जागी ५०००, दारू पिऊन चालवली तर पहिल्याच वेळी १०,००० पर्यंत. महाराष्ट्रात तेव्हा विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. तत्कालीन परिवहनमंत्र्यांनी केंद्राला फेरविचाराचे पत्र लिहिले आणि राज्याने अंमलबजावणी लांबणीवर टाकली. शेजारच्या गुजरातने कलम २०० चाच आधार घेऊन कित्येक रकमा खाली आणल्या. आपल्याकडे नवे तडजोड शुल्क लागू झाले ते २०२१ च्या डिसेंबरात. म्हणजे सवा दोन वर्षे पुण्यातल्या दुचाकीस्वाराला एक दर आणि दिल्लीतल्याला दुसरा. दंड किती हे राज्याच्या सोयीने ठरते, ही समजूत लोकांच्या मनात इथेच रुजली असे मला वाटते. ती चुकीची म्हणता येत नाही.

लोक अदालतीचा मार्ग साधारण याच सुमारास रुळला. लोक अदालत १९८७ च्या कायद्याने आली, तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. न्यायालयात दाखल न झालेला वादही तिथे नेता येतो. त्याला ‘दाखलपूर्व प्रकरण’ म्हणतात. थकलेली चलाने या खिडकीतून आत आली. खिडकी दोन्ही बाजूंना सोयीची आहे. सरकारला खटला भरावा लागत नाही, सहा महिन्यांच्या मुदतीचा प्रश्न निघत नाही, आणि एका दिवसात निकाली प्रकरणांचा आकडा लाखांत दाखवता येतो. वाहनमालकाला रक्कम कमी करून मिळते. झालेल्या निवाड्यावर अपील नाही. मात्र तिथे यायचे की नाही हे मालकाच्या मर्जीवर असते. मेसेजचा सूर समन्सचा असला तरी न आल्याबद्दल लोक अदालत कुणाला शिक्षा करू शकत नाही. दारू पिऊन गाडी चालवण्यासारखा, तडजोड न होणारा गुन्हा तर तिच्या अधिकारातच नाही.

इतर राज्यांनी एवढाही आडपडदा ठेवला नाही. तेलंगणाने २०२२ च्या मार्चमध्ये थेट सूट जाहीर केली : दुचाकी-तीनचाकीला ७५ टक्के, मोटारींना ५० टक्के. पुढच्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सूट, या वेळी दुचाकीला ८० टक्के. कर्नाटकाने २०२३ च्या फेब्रुवारीत निम्म्यावर मिटवले, लोकांनी रांगा लावल्या आणि १०० कोटींहून अधिक जमा झाले. २०२५ मध्ये पुन्हा तीच योजना. उत्तर प्रदेशाने तर २०१७ ते २०२१ या पाच वर्षांतली बहुतेक प्रलंबित चलाने रद्दच करून टाकली. तेलंगणाचे उदाहरण बोलके आहे. पहिल्या सुटीनंतर दोन वर्षांच्या आत दुसरी, तीही मोठी, द्यावी लागली. सूट येणारच असेल तर आज कोण भरेल?

अभय योजना आपल्याला नव्या नाहीत. वीजबिल, मालमत्ता कर, मुद्रांक शुल्क, सगळीकडे त्या येऊन गेल्या आहेत. सर्वांत मोठा अनुभव कर्जमाफीचा. २०१७ च्या कर्जमाफीत नियमित फेड करणाऱ्या शेतकऱ्याला २५ टक्के, कमाल २५,००० रुपये प्रोत्साहन ठेवले होते, आणि २०१९ च्या योजनेत ते ५०,००० पर्यंत गेले. ते पैसे वेळेवर पोचले का, हा वेगळा विषय. पण प्रामाणिकपणे फेडणाऱ्यालाही काहीतरी दिले पाहिजे, एवढे तिथे सरकारने मान्य केले होते. चलानाच्या सवलतीत असे काही कुठेच दिसत नाही. १००० रुपये त्याच दिवशी भरणारा आणि चार वर्षांनी ५०० भरणारा यांच्यात फरक उरतो तो उलटा. सवलतीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की तोच हजाराचा आकडा रिक्षावाल्याची दिवसाची कमाई खातो आणि मोटारवाल्याला जाणवतही नाही. खरे आहे. फिनलंडमध्ये १९२१ पासून उत्पन्नाच्या प्रमाणात दंड आकारतात. पण आपली सवलत उत्पन्न विचारत नाही. ती फक्त किती काळ थकवले ते पाहते.

आता लायसन्सचे. निलंबनाचा अधिकार जुनाच आहे. कलम १९ नुसार लायसन्स देणारा अधिकारी ते ठरावीक काळासाठी रोखू शकतो, रद्दही करू शकतो. त्याआधी चालकाचे म्हणणे ऐकावे लागते, कारणे लेखी द्यावी लागतात, आणि ३० दिवसांत अपील करता येते. कारणे कोणती? सराईत गुन्हेगार, दारूचे व्यसन, लोकांच्या जिवाला धोका, अशी सगळी माणसाच्या वागण्याशी बांधलेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने राज्यांना बजावले की अतिवेग, सिग्नल तोडणे, क्षमतेपेक्षा जास्त माल, मालवाहू गाडीतून माणसे नेणे, दारू आणि मोबाइल, या सहा बाबतीत लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. २०१९ च्या दुरुस्तीने हेल्मेट नसल्यास तीन महिन्यांची अपात्रता थेट कायद्यात लिहिली. या कुठल्याही यादीत ‘पैसे थकवले’ हे कारण नव्हते.

त्याच दुरुस्तीतली एक ओळ फारशी कुणाच्या वाचनात नाही. कलम २०० ला जोडलेल्या परंतुकात म्हटले आहे की तडजोड झाली तरी लायसन्सवरची कारवाई त्यामुळे टळत नाही, आणि तडजोड केलेला गुन्हाही पुढच्या वेळी आधीचा गुन्हा म्हणूनच मोजला जाईल. म्हणजे पैशांचा हिशेब आणि लायसन्सचा हिशेब कायद्याने मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. प्रत्यक्षात मात्र लोक अदालतीची पावती मिळाली की पाटी कोरी, असे सगळे धरून चालतात. हेल्मेटविना दहा वेळा टिपला गेलेला माणूस दहा चलाने निम्म्यात मिटवतो आणि त्याच लायसन्सवर घरी जातो.

थकबाकीसाठी लायसन्स अडवायचे, ही कल्पना सरकारी पातळीवर जोर धरू लागली ती अलीकडे, वसुली होत नाही हे ध्यानात आल्यावर. हाच प्रयोग अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात आधी होऊन गेला आहे. तिथे दंड न भरल्याबद्दल लायसन्स निलंबित होई. मग लायसन्स नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून दंड भरायला पैसे नाहीत, असे चक्र झाले. ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०१७ अशी अभय योजना आणावी लागली. सर्वसाधारण सूट ५० टक्के, कमी उत्पन्नवाल्यांना ८०, आणि सोबत लायसन्स परत. योजना संपल्यावर काही महिन्यांतच, जून २०१७ मध्ये, थकबाकीसाठी निलंबन करण्याची तरतूदच काढून टाकली.

आपल्याकडे त्यात आणखी एक पेच आहे. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, चालकाचा चेहरा नाही. चलान गाडीवर निघते, म्हणजे मालकावर. लायसन्स असते चालवणाऱ्याचे. रिक्षा शिफ्टवर दिलेली असते, ट्रकवर पगारी ड्रायव्हर असतो, बापाच्या नावावरची स्कूटर मुलगा पिटाळतो. चालक कोण होता हे मालकाने सांगावे, असे कलम १३३ म्हणते, पण तशी विचारणा दर चलानामागे करायला माणसे कुठे आहेत? ज्याच्या नावावर पाच ट्रक आहेत आणि ज्याने स्वतः कधी स्टीअरिंग हातात धरले नाही, त्याच्याकडे निलंबित करायला लायसन्सच नसेल. आणि जो एकाच रिक्षावर पोट भरतो, त्याचे लायसन्स पहिल्या फेरीतच जाईल.

२०२५ च्या १ जुलैपासून राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानाविरुद्ध संप पुकारला, तेव्हा त्यांच्या तक्रारीत रकमेइतकाच हा मुद्दा होता : माल उतरवायला जागा नसलेल्या बाजारात गाडी उभी केली म्हणून एकाच दिवशी अनेक चलाने, आणि पुरावा म्हणून पोलिसाच्या खासगी मोबाइलमधला फोटो. संपाच्या त्याच दिवसांत वाहतूक पोलिसांना वरून आदेश गेला की चलानासाठी खासगी मोबाइलने फोटो काढू नका. त्याआधी काढलेल्या फोटोंवरची चलाने मात्र यंत्रणेत तशीच उभी आहेत, पुढच्या लोक अदालतीची वाट पाहत.