ड्राय आइसचा खोका हवाबंद करू नका

‘चिकटपट्टीने खोका हवाबंद केला की ड्राय आइस जास्त टिकतो.’ पुण्यातून औषधं, तपासणीचे नमुने पाठवणाऱ्यांकडून हे अजूनही ऐकू येतं. हे चूक आहे, आणि धोक्याचंही. उणे ७८.५ अंशांचा हा गोठलेला कार्बन डायऑक्साइड वितळत नाही, थेट वायू होतो. एका किलोतून ५०० लिटरहून जास्त. त्याला वाट मिळाली नाही तर डबा फुटतो. बर्फ टिकतो तो जाड थर्माकोलमुळे. झाकण नुसतं बसवा, फटी बुजवू नका. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून पाठवताना खोक्यावर यूएन १८४५ हा ड्राय आइसचा आंतरराष्ट्रीय धोकादायक-माल क्रमांक, पदार्थाचं नाव, वर्ग ९ चं (इतर धोकादायक माल) लेबल आणि बर्फाचं निव्वळ वजन किलोत हवंच. नुसतं ‘नाजूक’ लिहून भागत नाही. विमानतळापर्यंत नेताना गाडीच्या काचाही उघड्या ठेवा, बंद गाडीत जीव गुदमरतो.