दुकानात जुळलेले रंग घरी का भांडतात?

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया झाली, वास्तुशांतीची तारीख ठरली, की जळगावच्या फुले मार्केटात पडद्याच्या कापडाचे ठाण उलगडायला लागतात. गिऱ्हाइकाच्या हातात रंगाचं शेडकार्ड असतं. भिंतीचा राखाडी, पडद्याचा राखाडी, सोफ्याचा राखाडी असे तिन्ही जुळवून मंडळी समाधानानं घरी जातात. रात्री पिवळसर दिवे लागतात आणि भिंत राखाडीच राहते, पडदा मात्र तांबूस दिसायला लागतो. ‘दुकानमा ते बराबर दिखे भो!’ मग निष्कर्ष ठरलेला: कापडवाल्यानं ठाण बदललं, नाहीतर रंगाऱ्यानं डबा.

बहुतेक वेळा दोघेही निर्दोष असतात. गडबड आपल्या डोळ्यात आणि दिव्यात आहे, आणि ती फार सुंदर गडबड आहे.

दृश्य प्रकाश साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा. प्रत्येक वस्तू यातल्या कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत फेकते, याचा आलेख काढता येतो. दर 10 नॅनोमीटरला एक मोजणी धरली तर 31 आकडे होतात. कापडाचं स्वतःचं म्हणावं असं जे आहे ते एवढंच, हे 31 आकडे. डोळ्याच्या पडद्यावर मात्र रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या. प्रत्येक प्रकार आपापल्या पट्ट्यातला सगळा प्रकाश गोळा करून मेंदूला एकच आकडा कळवतो. म्हणजे 31 आकडे आत जातात आणि तीन बाहेर येतात.

शाळेतलं बीजगणित आठवा. चलं 31 आणि समीकरणं तीनच असतील तर 28 चलं मोकाट सुटतात. तीच तीन उत्तरं देणारे आलेख अगणित निघतात. भिंतीचा राखाडी पांढऱ्यात थोडं काळं घालून केलेला असेल, तर त्याचा आलेख जवळजवळ सपाट असतो. पडद्याचा राखाडी निळा, लाल, पिवळा असे रंग मिसळून साधलेला असेल, तर त्याचा आलेख उंचवट्या-खळग्यांचा. दुकानातल्या उजेडात दोघांची तीन उत्तरं योगायोगानं सारखी आली, म्हणून डोळा म्हणाला ‘जुळलं’. शास्त्रात याला मेटॅमेरिझम म्हणतात.

आता दिवा बदला. डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाश म्हणजे दिव्याचा आलेख गुणिले वस्तूचा आलेख, आणि हा गुणाकार प्रत्येक तरंगलांबीला वेगळा करायचा, मग बेरीज. दोन मुलांच्या मार्कांची बेरीज सारखी आहे, पण एकाचे गणितात जास्त आणि दुसऱ्याचे मराठीत. उद्या बोर्डानं गणिताचं वजन दुप्पट केलं तर बेरजा सारख्या राहतील का? दिवा बदलणं म्हणजे विषयांचं वजन बदलणं. पिवळसर उजेडात लाल बाजूचं वजन वाढतं. बऱ्याच कापडी रंगांना अगदी टोकाचा लाल प्रकाश नीट शोषता येत नाही, तो ते तसाच परत फेकतात. पडद्याच्या आलेखाचं लाल शेपूट वर उचललेलं असतं ते असं, आणि पिवळसर दिव्याखाली तेवढंच उघडं पडतं.

घरातला पांढरा एलईडी तरी कुठे खरा पांढरा? आत 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश देणारा तुकडा असतो आणि त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या फॉस्फरचा थर. निळं अधिक पिवळं, डोळ्याला पांढरं. हा निळा एलईडी शोधणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या दिव्याच्या आलेखात निळ्याचा सुळका आहे, मग खळगा, पुढे पिवळ्याचा डोंगर, आणि लाल टोकाला उतार. ऊन असं अजिबात नसतं.

म्हणून खोली ठरवताना पहिला प्रश्न रंगाचा नाही, उजेडाचा. आणि इथे खान्देशाचं दुखणं वेगळं. पारा 45 कडे सरकला की आपण खिडक्या बंद करतो, आणि उरलेल्या खिडकीत कूलर बसतो. भरदुपारी बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत दिवा लावून बसलेली माणसं! परदेशी खोल्यांच्या फोटोतला मोठ्या काचेतून येणारा उजेड आपल्या हॉलमध्ये निम्मं वर्ष येतच नाही. जुन्या धाब्याच्या घरांत जाड भिंती आणि इवलासा झरोका असायचा, म्हणून आतून पांढरी माती फिरवायचे. आलेला किरण चार भिंतींवर उड्या मारत खोलीभर पोचायचा.

या उड्यांचाही हिशोब आहे. समजा भिंत 60 टक्के लाल आणि 30 टक्के निळा प्रकाश परत फेकते, प्रमाण दोनास एक. तोच प्रकाश समोरच्या तशाच भिंतीवर जाऊन पुन्हा उडाला की 36 टक्के आणि 9 टक्के, म्हणजे चारास एक. शेडकार्डावरचा सौम्य भगवा चारही भिंतींना लावला की अंगावर येतो तो यामुळे. हिरवट कोटा फरशीही आपला रंग वर पाठवते आणि पांढऱ्या छतावर हलकी झाक उमटते.

यावर वास्तूचे सल्लागार आहेतच. आग्नेयेला लाल, ईशान्येला निळा, मग घरात पैसा. किरणाला दिशेचं शुभाशुभ कळत नाही. दिशेला अर्थ आहे तो वेगळा: उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर बऱ्यापैकी स्थिर उजेड येतो आणि मे महिन्यात पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापून निघते. मोबाइलवर रंग पसंत करणाऱ्यांचं तर काय सांगावं! मोबाइलचा स्क्रीन आपला लाल, हिरवा, निळा अशा तीनच ठिपक्यांनी सगळं जग दाखवतो, आणि कॅमेऱ्यानं पांढरा आधीच ‘दुरुस्त’ करून ठेवलेला असतो.

याबाबतीत साडीच्या दुकानातल्या बायका जास्त शास्त्रीय वागतात. पदर हातावर घेऊन थेट दुकानाच्या दाराशी, उजेडात. सराफही हे गणित न मांडता जाणतो. सोन्यावर पिवळसर दिवे, चांदीवर पांढरे.

खोलीला एकसंध रूप हवं असेल तर क्रम असा ठेवावा: आधी दिवे, मग फरशी, मग सोफा-पडद्याचं कापड आणि भिंतीचा रंग सगळ्यात शेवटी. रंगाच्या दुकानात मशीनवर हजारो छटा बनतात, कापड मात्र ठाणात असेल तेच मिळतं. कापडाचा वीतभर तुकडा मागून घ्या. रंगाची छोटी बाटली आणून मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि पुठ्ठा भिंतीला उभा टेकवा, कारण आडव्या आणि उभ्या पृष्ठावर उजेड वेगळा पडतो. सकाळी, भरदुपारी खिडक्या बंद करून, आणि रात्री दिव्याखाली दोन्ही शेजारी ठेवून बघा.

दिवा घेताना खोक्यावर केल्विनबरोबर (उजेड किती पिवळसर की निळसर ते सांगणारा आकडा) सीआरआयचा आकडाही शोधा; त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. 80 चालतो, 90 च्या वर असेल तर उत्तम. मात्र ही आठ फिकट नमुन्यांची सरासरी असते आणि गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. तो नववा नमुना, आर-नऊ, वेगळा मोजतात आणि खोक्यावर सहसा छापत नाहीत. मरून सोफा किंवा लाल गालिचा घेणार असाल तर दुकानदाराकडे तो विचाराच. आणि एकाच हॉलमध्ये 6500 केल्विनची पांढरी ट्यूब आणि 2700 चा कोपऱ्यातला पिवळसर दिवा एकदम लावू नका; डोळा एका वेळी एकाच पांढऱ्याशी जुळवून घेतो, मग दुसऱ्या उजेडातली भिंत मळकी तरी दिसते, नाहीतर निळसर.